डबल्सवाला देश बदलतो तेव्हा: टोनी गुनावान

कोर्टकचेरी

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या अॅनाहाइमला बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. अमेरिकेत ती पहिल्यांदाच भरत होती, आणि तीही आइस हॉकीच्या स्टेडियममध्ये. पुरुष दुहेरीच्या फायनलला एका बाजूला इंडोनेशियाचे चंद्रा विजया आणि सिगित बुदियार्तो, म्हणजे १९९७ चे विश्वविजेते. समोर अमेरिकेचे टोनी गुनावान आणि हॉवर्ड बाक. टोनी इंडोनेशियातल्याच सुराबायाचा. हॉवर्ड व्हिएतनाममध्ये हो ची मिन्ह सिटीत जन्मलेला, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला. निकाल १५-११, १०-१५, १५-११, अमेरिका विजयी. ज्या मॅचमध्ये अमेरिकेला बॅडमिंटनमधलं पहिलंवहिलं विश्वविजेतेपद मिळालं, त्या मॅचमध्ये अमेरिकेत जन्मलेला एकही खेळाडू कोर्टावर नव्हता!

आता या मंडळींचं आपसातलं नातं बघा. १९९७ ला ग्लासगोत विश्वविजेता झाल्यावर सिगित डोपिंगच्या प्रकरणात अडकला, त्याच्यावर बंदी आली. चंद्राला जोडीदार हवा होता, तिथे टोनी आला. दोघांनी १९९९ ची ऑल इंग्लंड, बॅडमिंटनमधली जुनी मानाची स्पर्धा, मारली. २००० ला सिडनीत कोरियाच्या ली डोंग-सू आणि यू योंग-सुंगला १५-१०, ९-१५, १५-७ असं हरवून ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. सिडनीत इंडोनेशियाला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. तोवर सिगित परत आला होता. जुनी जोडी पुन्हा जुळली आणि ऑलिंपिक विजेता टोनी हालिम हर्यांतोबरोबर खेळायला लागला. एखादा रुसून बसला असता. याने २००१ मध्ये हालिमबरोबर ऑल इंग्लंडही जिंकली आणि सेव्हियाला विश्वविजेतेपदही. फायनलला समोर कोण होतं? किम डोंग-मून आणि हा ते-क्वोन, ज्यांनी पुढे अथेन्सचं सुवर्ण नेलं.

आणि मग हा माणूस अमेरिकेला निघून गेला. ऐन भरात, शिकायला.

का गेला यावर लोक बरंच बोलतात. माझं मत सांगतो. इंडोनेशियात राष्ट्रीय संघात असणं म्हणजे पूर्व जकार्तातल्या चिपायुंगच्या केंद्रात राहणं. राहायची, जेवायची, सरावाची सोय होते, पण तुमचा दिवस तुमचा राहत नाही. कोण कोणाबरोबर खेळणार हेही वरून ठरतं. ऑलिंपिक सुवर्ण आणि विश्वविजेतेपद दोन्ही खिशात असलेल्या माणसाला तिथे आणखी मिळवायचं काय उरलं होतं? पुढची पंचवीस-तीस वर्षं कशावर काढायची हा प्रश्न मात्र उरलाच होता.

मला यातली वेगळी गोष्ट वाटते ती ही. एकेरीचा खेळाडू देश बदलतो तेव्हा त्याचा सगळा खेळ त्याच्याबरोबर जातो. पी होंगयान चीनहून फ्रान्सला गेली, शू ह्वाइवेन जर्मनीला गेली, मिया औदिना लग्न करून इंडोनेशियाहून नेदरलँड्सला गेली आणि अथेन्सला तिने नव्या देशासाठी एकेरीचं रौप्य घेतलं. त्यांनी तिथे आपला खेळ पुढे चालू केला. डबल्सवाल्याला तसं करता येत नाही. त्याचा अर्धा खेळ दुसऱ्याच्या हातात असतो आणि तो दुसरा व्हिसावर बरोबर येत नाही. टोनीला अमेरिकेत चंद्रा मिळणार नव्हता. त्याला तिथे जो होता त्याच्यातून जोडीदार घडवावा लागला.

आणि हॉवर्ड हा पोरगा कष्टाळू होता, चपळ होता, पण टोनी येण्याआधी जगातल्या पहिल्या फळीतला नव्हता. त्याला घेऊन २००५ ला तीन गेममध्ये चंद्रा-सिगितला हरवणं हे माझ्या लेखी सिडनीपेक्षा मोठं आहे.

तुम्हाला काय वाटतं?

रंकाळा

लई भारी धागा राव! मी टोनीचं नाव नुसतं ऐकून होतो. एक शंका. २००५ ला विश्वविजेता, तर मग २००४ ला अथेन्स आणि २००८ ला बीजिंगला अमेरिकेकडून कुठे होता? नाव दिसत नाही.

कोर्टकचेरी

@रंकाळा, खरी मेख तिथेच आहे. जागतिक स्पर्धेत तुमचं नाव त्या देशाची संघटना पाठवते, तिथे वास्तव्यावर काम भागलं. ऑलिंपिकला भागत नाही. ऑलिंपिक चार्टरप्रमाणे खेळाडू त्या देशाचा नागरिकच लागतो. टोनीला अमेरिकन नागरिकत्व मिळालं २०११ ला. म्हणजे २००५ चा विश्वविजेता २००८ चं ऑलिंपिक घरी बसून बघत होता.

आणि हॉवर्डचं बघा. २००४ ला अथेन्समध्ये त्याचा जोडीदार होता शांघायमध्ये जन्मलेला केविन हान. २००८ ला बीजिंगमध्ये लाओसमध्ये जन्मलेला बॉब मालायथोंग. हॉवर्ड आणि बॉब उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले, ही काही छोटी गोष्ट नाही. २०१२ ला लंडनमध्ये शेवटी टोनी. दर ऑलिंपिकला जोडीदार वेगळा, आणि तिघेही बाहेरून आलेले.

पेठी_ड्रॉपशॉट

धागा वाचनीय. पण उगाच भावनिक होण्यात अर्थ नाही. टोनीला घडवला कोणी? इंडोनेशियाने. सुराबायातली लहानपणची शिकवणी, चिपायुंगचा सराव, तिथल्या प्रशिक्षकांची मेहनत. अमेरिकेने काय केलं? दुसऱ्याच्या शेतातलं उभं पीक कापून घरी नेलं. त्या विश्वविजेतेपदावर अमेरिकेचा झेंडा लागला हा कागदोपत्री योगायोग. अमेरिकेच्या बॅडमिंटनचं यश म्हणायचं असेल तर मग त्यानंतर पुढचे विश्वविजेते कुठे आहेत?

दक्षिणकॅली

@पेठी_ड्रॉपशॉट, मी ऑरेंज काउंटीतच राहतो म्हणून थोडं लिहितो.

इथे बॅडमिंटनला सरकारी पैसा जवळजवळ नाही. कॉलेजची स्कॉलरशिप नाही, टीव्ही नाही, व्यावसायिक लीग नाही. अॅनाहाइमपासून गाडीने थोड्याच अंतरावर ऑरेंज शहरात ऑरेंज काउंटी बॅडमिंटन क्लब आहे. तो काढला डॉन च्यू यांनी. हे थायलंडहून आलेले गृहस्थ, छपाईच्या धंद्यात पैसा मिळवला आणि तो बॅडमिंटनमध्ये घातला. अमेरिकेचे आघाडीचे खेळाडू पुढे त्याच हॉलमध्ये सराव करायचे. टोनी तिथे खेळायचा आणि शिकवायचाही. डॉन च्यूंचे नातू फिलिप आणि रायन टोकियो ऑलिंपिकला अमेरिकेकडून पुरुष दुहेरी खेळले. थाई आजोबांनी हॉल बांधायचा, सुराबायाच्या माणसाने तिथे शिकवायचं, व्हिएतनामहून आलेल्या मुलाने त्याच्याबरोबर खेळायचं. इथलं बॅडमिंटन असंच उभं आहे. पीक कापून नेलं म्हणता, पण इथे शेतच नव्हतं हो.

माझी मुलगी इथे दुसऱ्या एका हॉलमध्ये शिकते. तिचे कोचही इंडोनेशियाचेच. मल्टीशटल करताना त्यांना बघणं हा एक कार्यक्रम असतो. डाव्या हाताच्या कोपरापासून तळव्यापर्यंत एकात एक खोचलेल्या फुलांची (म्हणजे शटलकॉकची) लांबलचक रांग, आणि उजव्या हाताने एकामागून एक फूल सोडत राहायचं: नेटवर, बॅकहँडला, अंगावर, परत नेटवर. रांग संपते तेव्हा पोरगी गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली असते. कोच काही बोलत नाहीत, पायाने फुलं गोळा करायला लावतात आणि पुन्हा हात भरतात. बाकावर आम्ही पालक: चिनी आज्या, कोरियन आया, व्हिएतनामी बाबा, आणि आपले लॅपटॉप उघडून बसलेले देशी. इंग्रजीत कोणी फारसं बोलत नाही.

रंकाळा

कोपरापर्यंत फुलांची रांग! हे बघायचं आहे एकदा.

फुलपाखरू

मी कॉलेजात डबल्स खेळायचे, म्हणून टोनीच्या खेळाबद्दल थोडं.

जुनी रेकॉर्डिंग बघताना सगळे स्मॅश कोण मारतंय ते बघतात. टोनी बघायचा असेल तर फूल त्याच्याकडे *यायच्या आधी* तो कुठे सरकलाय ते बघा. रॅकेट सतत छातीच्या वर, पकड थोडी वर सरकवलेली, मागे घेणं जवळजवळ नाहीच. समोरच्याने सर्व्हिस केली की हा फूल नेटच्या पट्टीपाशीच गाठतो. तिथून मारत नाही, नुसतं ढकलतो. आणि ढकलतो कुठे? बाजूच्या रेषेला, समोरच्या जोडीतल्या पुढच्या आणि मागच्या माणसाच्या मधोमध. तिथे पुढच्याला वाटतं मागचा घेईल, मागच्याला वाटतं पुढचा घेईल. ज्याने घ्यायचं ठरवलं त्याला ते खालून उचलूनच द्यावं लागतं. उचललं की मागे हॉवर्ड तयार.

बचावातही तेच. अंगावर आलेला स्मॅश आपण घाबरून उंच उडवतो. हा तो सपाट परत पाठवतो किंवा नेटवर अलगद ठेवतो, म्हणजे दोन फटक्यांत बचावाचं आक्रमण. जोडीदाराला सोपं फूल मिळवून देणं हे त्याचं काम, आणि म्हणूनच मला वाटतं तो चंद्राबरोबरही जिंकला, हालिमबरोबरही आणि हॉवर्डबरोबरही. तीन जोडीदार, तिघांचे स्वभाव वेगळे, तिघांबरोबर जगातलं सर्वोच्च काहीतरी. असं दुसरं नाव पटकन आठवतंय का कोणाला?

गच्चीवरचा

आमच्या सोसायटीत माझाही रेकॉर्ड आहे. तीन जोडीदार बदलले, तिघांबरोबर पहिल्याच फेरीत बाहेर.

पेठी_ड्रॉपशॉट

@गच्चीवरचा 😄

@दक्षिणकॅली, शेत नव्हतं हे मान्य. पण मग माझा मुद्दा आणखी पक्का होतो. शेत नसताना पीक आलं म्हणजे ते आयतं आलं.

@फुलपाखरू, खेळाचं वर्णन फार छान. पण तीच तर इंडोनेशियाची पठडी! नेटवरचा हात, मनगट, पुढच्या माणसाची चाल. हे त्याला ऑरेंज काउंटीत कोणी शिकवलं नाही.

जुनाशटलर

बऱ्याच दिवसांनी बॅडमिंटनवर धागा दिसला म्हणून लिहितो.

नव्या मंडळींसाठी एक गोष्ट. २००५ ची ती फायनल जुन्या पद्धतीने झाली होती: १५ गुणांचा गेम आणि सर्व्हिस असेल तरच गुण. डबल्सला एका बाजूच्या दोघांनाही सर्व्हिस मिळायची, पहिला हात गेला की दुसरा हात. दोन्ही हात गेले की सर्व्हिस ओव्हर. आम्ही जिमखान्यात ‘सेकंड हँड’ असं ओरडून सांगायचो. २००६ पासून २१ गुण आणि प्रत्येक रॅलीला गुण आला. त्या जुन्या पद्धतीत नुसती रॅली जिंकून भागत नसे, सर्व्हिस राखावी लागे. टोनीसारख्या सर्व्हिस परतवण्यात तरबेज माणसाचं त्यात सोनं व्हायचं, कारण तो समोरच्याला गुण करूच द्यायचा नाही.

दुसरं, स्थलांतराचं म्हणाल तर ही गोष्ट आजची नाही. फ्रँक डेव्हलिन हा आयर्लंडचा, डब्लिनचा. १९२० च्या दशकात त्याने आणि कर्ली मॅकने ऑल इंग्लंडची दुहेरी गाजवली होती. डेव्हलिनच्या नावावर ऑल इंग्लंडची एकूण १८ विजेतेपदं: ६ एकेरी, ७ पुरुष दुहेरी, ५ मिश्र. मग तो शिकवायला कॅनडात विनिपेगला गेला आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला. त्याच्या दोन मुली, सुझन आणि जुडी. जुडी डेव्हलिन, लग्नानंतरची जुडी हॅशमन, विनिपेगला जन्मली, अमेरिकेकडून खेळली आणि ऑल इंग्लंडची एकेरी १० वेळा जिंकली. उबेर कपच्या (महिलांची जागतिक सांघिक स्पर्धा) पहिल्या तीन स्पर्धा, १९५७, १९६० आणि १९६३, अमेरिकेने जिंकल्या त्या या बहिणींच्या काळात. दोघी मिळून ऑल इंग्लंडची दुहेरीही ६ वेळा जिंकल्या. पुढे सुझन लग्न करून आयर्लंडला गेली आणि बापाच्या देशाकडून खेळली. जुडी इंग्लंडला गेली आणि नंतर इंग्लंडकडून खेळली. सख्ख्या बहिणींची जोडी, आणि दोघी दोन देशांत!

तेव्हा पेठीसाहेब, अमेरिकेच्या बॅडमिंटनचं जे काही झालं ते आधीपासून बाहेरून आलेल्यांनीच केलं आहे. त्याला आयतं म्हणायचं की परंपरा, तुम्ही ठरवा.

कोर्टकचेरी

काका, हे फार मोलाचं. डेव्हलिन बहिणींचं मला ठाऊक होतं, पण टोनीच्या शेजारी ठेवून कधी बघितलं नव्हतं.

याच माळेतलं आणखी एक. चंद्रा विजयाचा सख्खा भाऊ हेंद्रा विजया सिंगापूरला गेला आणि सिंगापूरकडून दुहेरी खेळला. एका घरातले दोन भाऊ, दोन देशांचे शर्ट. इंडोनेशियात डबल्सवाले इतके तयार होतात की राष्ट्रीय संघात जागा दोन-तीन जोड्यांनाच, बाकीच्यांनी जायचं कुठे? टोनीचा प्रश्न जागेचा नव्हता हे खरं, पण तो ज्या गर्दीतून आला ती हीच.

सायलीची_आई

धागा वाचतेय आणि घरचाच विषय निघाल्यासारखं वाटतंय. आम्ही बे एरियात. मुलगी तेरा वर्षांची, इथेच जन्मली, बॅडमिंटन मनापासून खेळते, त्यातही डबल्सच. माझ्या सासूबाई दर फोनला विचारतात, “सायली भारताकडून कधी खेळणार?” त्यांना कसं समजावू कळत नाही. तिचा पासपोर्ट अमेरिकन, ओसीआय कार्ड आहे. ते चालतं का?

कोर्टकचेरी

@सायलीची_आई, नाही हो ताई. २००८ च्या सुमारास भारत सरकारने धोरण केलं की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. ओसीआय हा प्रवासाचा आणि राहण्याचा हक्क, त्याला नागरिकत्व म्हणत नाहीत. टेनिसमध्ये प्रकाश अमृतराजला याचाच फटका बसला.

इंडोनेशियातही मोठ्या माणसाला दोन नागरिकत्वं ठेवता येत नाहीत. म्हणजे टोनीने २०११ ला अमेरिकन पासपोर्ट घेतला तेव्हा इंडोनेशियाचा गेला. ज्या देशाचं सिडनीतलं एकमेव सुवर्ण ज्याच्या रॅकेटमधून आलं, तो कागदावर त्या देशाचा राहिला नाही. आणि मिळालं काय? लंडनचं एक ऑलिंपिक, वयाच्या ३७ व्या वर्षी.

रंकाळा

लंडनचं सांगा की! जिंकले का काही?

फुलपाखरू

नाही रे, गटातूनच बाहेर. लंडनला डबल्समध्ये पहिल्यांदाच गट पद्धत आणली होती. पुढे सोपा ड्रॉ मिळावा म्हणून महिला दुहेरीतल्या चार जोड्या मुद्दाम हरायला बघत होत्या, त्या आठही खेळाडूंना बाहेर काढलं ते याच ऑलिंपिकमध्ये. आपल्या ज्वाला आणि अश्विनी तेव्हा गुणांच्या फरकाने हुकल्या, भारताने जपानच्या एका सामन्याबद्दल तक्रार केली ती फेटाळली गेली. त्या गोंधळात टोनी आणि हॉवर्ड कधी आले, कधी गेले, कोणी बघितलंही नाही.

३७ वर्षांचा माणूस आणि समोर ऐन पंचविशीतल्या जोड्या. २००८ ला तेहतिसाव्या वर्षी खेळला असता तर पदक म्हणत नाही, पण धमाल आली असती. टोनीसाठी वाईट वाटतं ते लंडनपेक्षा बीजिंगचं.

पेठी_ड्रॉपशॉट

नियम म्हणजे नियम. ऑलिंपिकला नागरिकत्वाची अट नसती तर श्रीमंत देशांनी निम्मं इंडोनेशिया आणि निम्मा चीन विकत घेतला असता. माझी सहानुभूती टोनीला आहे, पण नियम बरोबर आहे.

जुडीचं उदाहरण मात्र चपखल. जुनाशटलर काका, माघार नाही, पण अर्धं पाऊल मागे.

जुनाशटलर

अर्धं पाऊल मागे घेतलं तरी डबल्समध्ये जागा सुटते, सांभाळा!

दक्षिणकॅली

@पेठी_ड्रॉपशॉट, नियमाबद्दल सहमत. पण त्यामुळे जे होतं तेही बघा. खेळाडूचं वय वाढत असतं आणि इमिग्रेशनची फाइल आपल्या गतीने चालते. आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मग साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. आपल्याकडच्या एच-वन वाल्यांना हे सांगायलाच नको. तिशीतल्या प्रोग्रामरला दहा वर्षं थांबावं लागलं तर तो चाळिशीत तेच काम करतो. तिशीतल्या डबल्सवाल्याचे गुडघे थांबत नाहीत.

आणि दरम्यान पोट भरायचं ते शिकवून. सकाळी स्वतःचा सराव, दुपारी अभ्यास, संध्याकाळी आमच्यासारख्यांच्या पोरांना सर्व्हिस शिकवायची, शनिवार-रविवार स्पर्धा. इथल्या सगळ्या कोचांचं असंच चालतं. विश्वविजेत्याला यातून सूट मिळत नाही. हालिम हर्यांतोही नंतर अमेरिकेतच आला आणि इथे शिकवायला लागला. म्हणजे २००१ ची विश्वविजेती जोडी अख्खीच्या अख्खी शेवटी कॅलिफोर्नियात पोरांना फुटवर्क शिकवत होती!

गच्चीवरचा

हालिमही? मग चंद्रालाच काय तो तिकडे न्यायचा राहिला.

कोर्टकचेरी

@गच्चीवरचा, चंद्रा इंडोनेशियातच राहिला. पण २००६ मध्ये तो आणि टोनी पुन्हा एकत्र खेळले. स्कोअरबोर्डवर एका नावापुढे इंडोनेशिया, दुसऱ्यापुढे अमेरिका. ऑलिंपिकला असं चालत नाही, पण खुल्या स्पर्धांत दोन देशांची जोडी उतरू शकते. अॅनाहाइमला समोरासमोर उभे राहिले होते, त्याला वर्षभर होतं ना होतं तोच पुन्हा शेजारी शेजारी. मला हे फार आवडतं. संघटनांनी जोड्या लावल्या, मोडल्या, देश बदलले, आणि शेवटी दोघांनी स्वतःच ठरवून एकत्र यायचं.

फुलपाखरू

भारताशीही याचा एक धागा जोडता येतो. इंडोनेशियाचे डबल्सवाले खेळाडू म्हणून बाहेर गेले तसे कोच म्हणूनही गेले. फ्लँडी लिम्पेले, अथेन्सला एंग हियानबरोबर कांस्य घेणारा, २०१९ मध्ये भारतात डबल्सचा कोच म्हणून आला होता. त्याच्या आधी मलेशियाचे तान किम हर, नंतर डेन्मार्कचा मथियास बो. या तिघांच्या हातून आपला मुंबईचा चिराग शेट्टी आणि त्याचा जोडीदार सात्विक घडले. २०२२ ला बँकॉकमध्ये थॉमस कपच्या (पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा) फायनलला समोर इंडोनेशियाच होतं. सात्विक-चिराग पहिला गेम १८-२१ हरले, दुसरा २३-२१ घेतला, तिसरा २१-१९. समोर अहसान आणि केविन सुकामुल्जो. पठडी इंडोनेशियाची म्हणता ना पेठीसाहेब? ती पठडी आता कोणाच्याच मालकीची राहिलेली नाही.

जुनाशटलर

चिराग गोरेगावला उदय पवारांकडे तयार झाला. आमच्या वेळी प्रदीप गंधे आणि लिरॉय डिसा यांनी १९८२ च्या दिल्ली एशियाडला पुरुष दुहेरीचं कांस्य आणलं होतं, तेव्हा परदेशी कोच वगैरे कोणाला ठाऊक होतं? आपल्याकडे डबल्स म्हणजे एकेरीत हरलेल्याने खेळायचा खेळ असा समज होता. तो जायला फार वर्षं लागली.

सायलीची_आई

आज रात्री सायलीला बसवून २००५ ची फायनल दाखवली. तिचं पहिलं वाक्य: “आई, हे लोक इतका कमी का धावतात?” मी फुलपाखरूंनी लिहिलेलं तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, पुढच्या-मागच्याच्या मधोमध वगैरे. मग तिने तिसरा गेम दोनदा बघितला.

सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही.

पेठी_ड्रॉपशॉट

सासूबाईंना सांगा, मिश्र दुहेरी खेळवा आणि भारतीय पासपोर्टवाला जोडीदार शोधा. कोर्टकचेरी वर म्हणालेच आहेत, खुल्या स्पर्धेत दोन देशांची जोडी चालते. अर्धा भारत तर अर्धा!

रंकाळा

हे बेस्ट!! @कोर्टकचेरी, आता पुढचा धागा डेव्हलिन बहिणींवर काढा.

कोर्टकचेरी

तो जुनाशटलर काकांनी काढायचा. आपण प्रतिसाद देऊ.

जुनाशटलर

काढतो. पण टायपिंगला वेळ लागतो, आणि मधे आमच्या व्हेटरन्सच्या स्पर्धा आहेत. साठीवरच्या डबल्समध्ये यंदा जोडीदाराचा गुडघा गेलाय. पुण्यात कोणी आहे का?